शुश्रूषा मोजायची कशी?

(रत्नागिरी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय अवघड जागेच्या दुखण्यासारखा आहे. पुष्कळ घरांत तो आहे आणि चारचौघांत कुणी बोलत नाही. वृद्धाश्रमात किंवा हल्ली ज्याला 'केअर सेंटर' म्हणतात तिथं आपल्या माणसाची सेवा चांगली होते की वाईट, हे ठरवायचं कसं? आणि ठरवता आलं तर ती सुधारायची कशी? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा लोक विचारतात की यात तुमचं काय काम? काम एवढंच, की 'चांगलं म्हणजे काय' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न आहे. वर्गात तो सोपा वाटायचा. खाटेशेजारी उभं राहिलं की सोपा राहत नाही.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. म्हणजे पुढं इतरांवर टीका करायला तोंड राहील.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळींनी एक उद्योग आरंभला. कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, एक बाई सरकारी इस्पितळात मेट्रन होत्या. आसपासच्या वृद्धाश्रमांत जायचं, पाहायचं आणि वहीत लिहायचं. गावातले लोक विचारायचे, 'आईला ठेवायचंय, कुठं ठेवू?' त्यांना काहीतरी नीट सांगता यावं, हा हेतू. आम्ही ४२ प्रश्नांची यादी केली. दोन खाटांत अंतर किती, संडासात धरायला दांडी आहे का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, जेवणाचा तक्ता भिंतीवर आहे का, औषधांची नोंद आहे का, असे सगळे. एका आश्रमाला ४२ पैकी ३९ गुण मिळाले. कुठला ते सांगत नाही. आम्ही खूश. निघताना व्हरांड्यात बसलेले एक आजोबा म्हणाले, "तुम्ही येणार ते आम्हाला कालच कळलं हो. चादरी बदलल्या ना!" आम्ही हसलो.

ते हसण्यासारखं नव्हतं, हे दोन महिन्यांनी कळलं. त्याच आश्रमातल्या एका आजींना त्यांची मुलगी मुंबईहून येऊन घरी घेऊन गेली. माकडहाडावर बेडसोअर, हाडापर्यंत गेलेला. आम्ही वही काढून पाहिली. त्या आजींच्या खाटेशी आम्ही उभे राहिलो होतो. 'दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद आहे काय?' या प्रश्नापुढं आम्ही 'होय' लिहिलं होतं. आणि नोंद होतीच. रात्री ८, १०, १२, २, ४, सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण. एकाच पेनानं, एका सरळ रेषेत. मेट्रनबाई त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हत्या. आम्ही टिपून आणलेलं वर्णन ऐकून म्हणाल्या, "बावीस माणसं रात्रभर एकटीनं बघणारी बाई इतक्या सरळ रेषेत खुणा करूच शकत नाही. संध्याकाळीच भरून ठेवलंय ते." आम्ही रकाने पाहिले. पाठ पाहिली नाही.

त्या मावशींना दोष देणं सोपं आहे. पण आमची वही आणि त्यांचा तक्ता ही एकाच जातीची कागदं होती. त्यांनी खूण केली, आम्ही त्या खुणेवर खूण केली. आजींपर्यंत दोघंही पोचलो नाही.

आता हे आपल्या कोकणात का बोलायचं? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली आढळली. १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका, राज्यात सर्वांत जास्त. ही काही मुलींच्या सन्मानाची आकडेवारी नव्हे. चाकरमानी मुंबईला, मागं बायका आणि म्हातारी माणसं, हा तिचा अर्थ. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता खात्यात पैसे येतात. पण पैशानं कूस बदलत नाही, त्याला हात लागतात, आणि हात मुंबईत.

या प्रश्नाकडं पाहायची आपली मराठी रीतच थोडी वाकडी आहे. 'नटसम्राट' १९७० मध्ये आलं, त्यानंतर दळवींचं 'संध्याछाया'. दोन्ही मोठी नाटकं, आमच्या पिढीनं रडून पाहिलेली. पण म्हातारपण म्हटलं की घर आणि मुलं, याच चौकटीत विचार करायची सवय आपल्याला लागली. 'वृद्धाश्रम' हा शब्द आपण मुलांच्या पापाचं नाव म्हणून वापरतो. मुलगा वाईट की सून वाईट यावर आपण तासभर बोलू, पण आत गेलेल्या माणसाला रात्री तहान लागली तर पाणी कोण देतं, हे विचारणार नाही. जी जागा असूच नये असं आपल्याला वाटतं, ती चांगली कशी असावी याचा विचार आपण करत नाही. आणि ठेवणारा मुलगा? तो मनातून इतका अपराधी असतो की चकचकीत फरशी पाहून त्याला बरं वाटून घ्यायचंच असतं.

आता कायद्याकडं येऊ. आपल्याकडं १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे. मराठीत 'शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम'. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बल माणसाचाही उल्लेख आहे. पण रत्नागिरीत 'नर्सिंग होम' अशी पाटी दिसली की तिथं बाळंतपण होतं, अपेंडिक्स निघतं. वृद्धाश्रम त्यात कुणी धरत नाही. पुष्कळ वृद्धाश्रम न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेले असतात. तिथं हिशेब तपासतात.

दुसरा कायदा २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्याचं कलम १९ म्हणतं की राज्य सरकार टप्प्याटप्प्यानं वृद्धाश्रम उभारू शकेल, निदान प्रत्येक जिल्ह्यात एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा. 'शकेल' हे क्रियापद नीट ऐका. 'उभारील' असं नाही. आणि मोजलं काय? जागा किती माणसांची. या कायद्याच्या आधारानं जे निकष पुढं आले त्यांचाही भर जागा, पाणी, स्वयंपाकघर, करमणुकीची खोली, कर्मचारी यांवर. हे सगळं हवंच, आम्ही नको म्हणत नाही. पण हे सगळं असून पाठीला जखम होऊ शकते, हे आम्ही पाहिलं आहे.

या गोंधळाला एका माणसानं शिस्त लावली. अवेदिस डोनाबेडियन. जन्म १९१९, बैरूत, कूळ आर्मेनियन, पुढं अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक. १९६६ साली त्यांनी एक लेख लिहिला, आणि आरोग्यसेवेची गुणवत्ता मोजणारे आजही त्या लेखाचं बोट धरून चालतात. ते म्हणाले, तीन ठिकाणी पाहा. पहिलं, रचना, म्हणजे इमारत, माणसं, साधनं. दुसरं, प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्ष काय केलं जातं. तिसरं, परिणाम, म्हणजे त्या माणसाचं काय झालं. खाटा ही रचना, कूस बदलणं ही प्रक्रिया, पाठ शाबूत राहणं हा परिणाम. आपला कायदा पहिल्या पायरीवर थांबतो. आमची वही दुसऱ्या पायरीवर गेली, पण प्रक्रियेऐवजी प्रक्रियेचा कागद पाहून परतली. आणि गंमत अशी, की आयुष्यभर मोजमाप शिकवलेला हा माणूस कर्करोगानं आजारी असताना, अखेरच्या दिवसांतल्या एका मुलाखतीत म्हणाला की गुणवत्तेचं गुपित शेवटी प्रेम आहे. आपल्याकडच्या भाषणांत हे शेवटचं वाक्य फार आवडतं. आधीची चाळीस वर्षं कुणी सांगत नाही.

तिसऱ्या पायरीवर गेलं की प्रश्न सुटतो का? अमेरिकेनं ते करून पाहिलं. तिथल्या नर्सिंग होमची दुरवस्था सांगणारा मोठा अहवाल १९८६ साली आला, १९८७ मध्ये कायदा झाला. प्रत्येक राहणाऱ्याची ठरावीक पद्धतीनं तपासणी सुरू झाली. खातो का, चालतो का, जखम आहे का, वजन घटलं का. त्याचा फायदा झाला. माणसांना खुर्चीला, खाटेला बांधून ठेवण्याचं प्रमाण तिथं पुढच्या काळात खूप खाली आलं. मोजलं नसतं तर हे झालं नसतं. मग २००८ च्या डिसेंबरात हॉटेलासारखे एक ते पाच तारे आले. तपासनीस जायचे ते खरं, पण ताऱ्यांतला बराचसा हिशेब त्या संस्थांनी स्वतःच पाठवलेल्या माहितीवर होता. कर्मचारी किती हे पगारपत्रकावरून ताडून पाहायला २०१८ साल उजाडलं.

त्यातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना गप्प बसवायला मनोविकारावरची तीव्र औषधं दिली जात. ती कमी व्हावीत म्हणून त्यांचं प्रमाण मोजायचं ठरलं. पण ज्यांना स्किझोफ्रेनिया आहे त्यांना ही औषधं लागतातच, म्हणून त्यांना मोजणीतून वगळलं. योग्यच होतं. झालं काय? २०२१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं दाखवून दिलं की नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांत स्किझोफ्रेनियाचं निदान वाढत गेलं होतं. हा आजार बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी तो नव्यानं कसा सापडतो? औषध पुष्कळांच्या तोंडात तसंच राहिलं, कागदावरून मात्र गेलं. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनाच्या संदर्भात एक गोष्ट सांगितली होती. तिचा मथितार्थ असा, की एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते माप म्हणून निकामी होतं. आमच्या मावशींच्या सरळ रेषेतल्या खुणा आणि अमेरिकेतलं हे निदान, दोन्हींत फरक फक्त भांडवलाचा.

इथं एक संस्थाचालक आम्हाला म्हणाले होते, "सर, मग मोजूच नका ना! आम्ही देणग्यांवर चालवतो. सेवाभाव आहे. आधीच हे काम कुणी करत नाही, त्यात तुम्ही गुण द्यायला येता." त्यांचा राग खरा होता. तेलाचा डबा कुठून आणायचा याची विवंचना असलेल्या माणसाला आम्ही दोन खाटांतलं अंतर विचारत होतो. पण त्यांचं म्हणणं आम्ही मान्य करू शकत नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका खाजगी आसऱ्याला आग लागली आणि २८ माणसं गेली. त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. तेही श्रद्धेचंच ठिकाण होतं, लोक विश्वासानंच ठेवून जात होते. सेवाभाव ही चालवणाऱ्याच्या मनातली गोष्ट आहे. साखळी राहणाऱ्याच्या पायात असते. म्हणून मोजायचं हे नक्की. प्रश्न एवढाच, की कुणी, कुणासाठी आणि काय.

इथं आम्हाला आपल्याच घरातली एक जुनी मांडणी उपयोगी पडली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाचे गुण कोणते? शुश्रूषेची जाण, हाताचं कौशल्य, रुग्णाविषयी माया आणि स्वच्छता. बघा, माया आहे, पण चारांतली एक आहे. तिच्या जोरावर बाकीच्या तिघांना सुट्टी नाही. आणि रोग्याचे गुण? स्मृती, सांगितलेलं ऐकणं, न भिणं, आणि चौथा फार मोलाचा, ज्ञापकत्व. म्हणजे आपल्याला काय होतंय ते सांगता येणं.

आता आमचा प्रश्न. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींकडं यातलं काय उरलं? स्मृती गेली, सांगता येत नाही, सांगितलेलं समजत नाही, आणि संध्याकाळ झाली की भीती वाटते. चौथा पाय चारही बाजूंनी मोडला. मग त्याचा भार कुणावर? परिचारकावर. रोग्याला सांगता येत नसेल, तर ऐकण्याचं काम वाढतं. आणि 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणं. त्यापासून शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा. बुद्धीचे गुण मोजताना आपले जुने लोक शुश्रूषेला श्रवणाच्याही आधी ठेवतात. सेवा हा अर्थ मागाहून आला. आम्ही चाळीस वर्षं हा शब्द वर्गात सोडवून दाखवला, आणि वही घेऊन गेलो तेव्हा ४२ पैकी एकही प्रश्न राहणाऱ्या माणसाला विचारलेला नव्हता. सगळे व्यवस्थापकांना.

इंग्लंडात ब्रॅडफर्डला टॉम किटवुड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं स्मृतिभ्रंशावरचं पुस्तक १९९७ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाहण्याची एक पद्धत बसवली. कोपऱ्यात काही तास बसायचं, आणि दर पाच मिनिटांनी लिहायचं की हा माणूस आत्ता काय करतोय, त्याला बरं वाटतंय का, त्याच्याशी कोण कसं वागलं. ज्याला बोलता येत नाही त्याचं ऐकण्याची ही युक्ती आहे. तिला रीतसर शिक्षण लागतं. आम्ही परवानगी काढून तिची गावठी आवृत्ती करून पाहिली.

एका ठिकाणी, इमारत उत्तम, आम्ही दुपारी दोन ते पाच एका आजोबांकडं पाहत बसलो. तीन तासांत त्यांच्याशी चार वेळा बोललं गेलं. 'उठा.' 'पाय वर घ्या.' 'तोंड उघडा.' 'झोपा आता.' बस्स. कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. आमच्या जुन्या यादीत याला कुठंच गुण कापता आले नसते.

दुसरं ठिकाण चिऱ्याचं जुनं घर. कौलं गळकी, आमच्या यादीत निम्म्यालाही पोचलं नसतं. तिथं एक मावशी मागल्या पडवीत बांगडे साफ करत होती, शेजारी खुर्चीवर एक आजी. आजींना मुलीचं नाव आठवत नव्हतं. मावशी भाव किती वाढला ते सांगत होती आणि मधेच विचारलं, "आजी, सारात काय घालू गो?" आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "तिरफळ घाल." मावशीनं काही थांबून वाट पाहिली नव्हती, हात चालूच होते, पण उत्तराला जागा ठेवली होती.

इथं भाषण संपवलं तर टाळ्या पडतील, पण ते खोटं होईल. त्या चिऱ्याच्या घरात न्हाणीत दांडी नव्हती. पुढच्या पावसाळ्यात तिथलेच एक आजोबा घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मायेनं दांडीचं काम होत नाही, आणि दांडीनं मायेचं. चरकानं चार गुण वेगवेगळे सांगितले ते उगीच नव्हे.

तर मग करायचं काय? आम्ही आता वही बदलली आहे. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

पहिलं, रात्र मोजा. दिवसा सगळेच आश्रम बरे असतात. रात्री दोन वाजता किती माणसांमागं किती हात आहेत, हा एक आकडा बाकीच्या वीस आकड्यांपेक्षा जास्त सांगतो.

दुसरं, दर महिन्याला चारच गोष्टी लिहा: नवीन जखमा किती, पडले किती, वजन कुणाचं घटलं, आणि झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या किती जणांना चालू आहेत. आणि जखम म्हणजे कातडी फाटल्यावर नव्हे. दाबलं तरी लाली जात नाही, तिथंच सुरुवात झालेली असते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली चटकन दिसतही नाही. हात लावून ऊब आणि टणकपणा बघावा लागतो. म्हणजे मोजायलासुद्धा स्पर्श लागतो.

तिसरं, जो जखम लिहील त्याला शिक्षा करू नका. रागवाल, पगार कापाल, तर जखमा वहीतून जातील, पाठीवरून जाणार नाहीत. हे आकडे आधी काम करणाऱ्यांच्या उपयोगाचे असावेत: 'या महिन्यात तीन झाल्या, का झाल्या, रात्री आणखी एक माणूस मिळेल का?' तपासनीस नंतर. बाहेर जाहीर करायचं तर तारे नकोत, ही उत्तरंच जाहीर करा.

चौथं, मावशींना शिकवा आणि नीट पगार द्या. बावीस माणसं एकटीवर टाकायची आणि तिनं खोट्या खुणा केल्या म्हणून नीतीचा धडा द्यायचा, हे नीतिशास्त्राच्या मास्तरांनाही शोभत नाही. त्या रात्री दर दोन तासांनी बावीस कुशी बदलणं एका बाईला शक्यच नव्हतं. तक्ता तिच्याकडून अशक्य गोष्ट मागत होता. तिनं तक्त्याला हवं ते दिलं.

पाचवं, बाहेरचा माणूस नियमानं जाऊन बसला पाहिजे. सांगून नव्हे, कधीही. आणि त्या माणसाच्या बोलीत बोलणारा. एक आजी आमच्या प्रमाण मराठीला 'सगळं बरं हाय' एवढंच म्हणायच्या. आमच्यातले संगमेश्वराकडचे एक शिक्षक त्यांच्या बोलीत बोलायला लागले, तेव्हा कळलं की संध्याकाळी साडेसहालाच जेवण होतं आणि पहाटे भूक लागते, पण मागायची लाज वाटते. आता तिथं रात्री नऊला वाटीभर पेज देतात. खर्च जवळजवळ काही नाही.

आमच्या वहीत आता ४२ नव्हे, नऊ प्रश्न आहेत, आणि त्यांतले सहा राहणाऱ्यांना विचारायचे. पहिला आहे: 'रात्री हाक मारलीत तर कोण येतं?' ज्यांना उत्तर देता येत नाही, त्यांच्या खाटेशी बसून पाहायचं. दर वेळी आम्ही परवानगी घेऊन पाठ बघतो. ती आजी गेल्या. त्यांच्या मुलीला आम्ही भेटलो, आमची चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही निदान आला होतात. आम्ही सहा महिने आलो नव्हतो." यावर आम्हाला काही बोलता आलं नाही, आजही येत नाही.

आमची मंडळी आता सत्तरीच्या पुढची आहेत, दोघांचे गुडघे गेले. महिन्यातून एक दुपार देऊ शकतील अशी माणसं हवी आहेत. डॉक्टर नसलात तरी चालेल, बोली येत असली तर फार बरं. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव आणि फोन नंबर लिहून जा.